दरीवरची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुना कागदी नकाशा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. वणवे विझवणाऱ्या हेलिकॉप्टरच्या तळावर, चहाच्या टेबलाशेजारी मी टांगलेला असतो. डोंगर आणि तळी माझ्यावर छापलेली आहेत. पण माझं खरं वैभव म्हणजे लाल पेन्सिलीच्या रेघा. दरीवरून गेलेली प्रत्येक तार तळावरच्या मेकॅनिक ताईने तारखेसकट काढली आहे. दूधवाला येवो की पोस्टमन, ती विचारायची, "नवी तार कुठे ओढली का हो?" वैमानिक म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. उडण्याआधी तो माझ्यावर बोट फिरवून एकेक तार मोठ्याने वाचायचा. तेव्हा माझा थाट काही विचारू नका.

मग नकाशा दाखवणारी चकचकीत स्क्रीन आली आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले. माझा नुसता तिळपापड झाला. एके दिवशी धाकटा हसत म्हणाला, "ताई, हा नकाशा आता रद्दीत घाल." मला झोंबलं, ताईला माझ्याहून जास्त झोंबलं.

दुसऱ्या सकाळी दूधवाल्याने बातमी आणली. बागवाल्यांनी फळांच्या पेट्या उतरवायला दरीवर तार बांधली होती, तळ्याच्या अगदी अलीकडे. ताईने लगेच रेघ मारली. तेवढ्यात वणव्याची वर्दी आली. धाकट्याने स्क्रीनवर नजर टाकली आणि तो निघाला. ताईने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"सांगेल की त्याची लाडकी," ती पुटपुटली.

आणि मी? मीही मनात म्हटलं, होऊ दे एकदा त्या सटवीची फजिती.

स्क्रीनला ती तार ठाऊकच नव्हती. खाली लटकणारी पाण्याची बादली तारेत अडकली आणि हेलिकॉप्टर तळ्यात कोसळलं. धाकटा वाचला, पण त्याचा उजवा पाय गेला.

काही महिन्यांनी तो कुबड्या घेऊन आला. माझ्यासमोर थांबून त्याने त्या रेघेची तारीख वाचली.

"ताई, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"राग आला होता रे तुझा."

मला त्या क्षणी भिंतीवरून गळून पडावंसं वाटलं.

आता मी स्क्रीनच्या शेजारीच टांगलेला आहे. उडण्याआधी दोघांनाही विचारतात, आणि तारा पुन्हा मोठ्याने वाचल्या जातात. माझा मत्सर काही गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, एवढं ऐका. रुसायचं असेल तर खुशाल रुसा. फक्त धोका ठाऊक असेल तर आधी तो सांगा, आणि मग रुसा.