हलवलेली खुंटी

मी एक जुनी खुंटी आहे. भिंतीवर सदरा अडकवतात ती नव्हे, मोजणीची. खाली टोक, डोक्यावर लाल रंग. माझ्यासारख्या ठेंगणीने दोन घरांची झोप उडवली म्हटलं, तर तुम्ही हसाल. मित्रांनो, खुशाल हसा.

माझा जन्म वखारीत झाला. चांगल्या फळ्या दारं-खिडक्या व्हायला निघून गेल्या आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून आम्ही बहिणी निघालो. तेव्हा उपनगरापर्यंत नवी रेल्वे नेण्याचं घाटत होतं. मोजणीदाराने आम्हाला पिशवीत भरलं आणि रूळ जिथून जातील असं वाटत होतं, तिथे तिथे ठोकत निघाला. माझ्या वाट्याला दोन सख्ख्या भावांचं अंगण आलं.

थोरला घड्याळं दुरुस्त करायचा, धाकटा शाळेत चित्रकला शिकवायचा. दोघांच्या अंगणांमध्ये भिंत होती, पण तिच्यातलं दार कधी लागत नसे. साखर संपली, कुणाला ताप आला, की ये-जा तिथूनच. मी थोरल्याच्या बाजूला होते. जिकडे खुंटी तिकडचं घर पाडणार, अशी कुणीतरी आवई उठवली. झालं! सकाळी थोरल्याने खुरप्याने मला उकरलं आणि भावाच्या अंगणात नेऊन रोवलं.

"दादा, खुंटी काल तुझ्याकडे होती ना?"

"मला काय विचारतोस? मी काय तिच्यावर पहारा देतो?"

दुपारी धाकट्याने मला पुन्हा थोरल्याकडे नेऊन रोवलं. मग हे रोजचंच झालं. माझा रंग उडाला. खुंटीला पाय फुटले, असं शेजारी म्हणू लागले.

पुढे मार्ग ठरवायला शाळेत सभा भरली. तिथलं सगळं मला थोरल्याच्या बायकोच्या तोंडून कळलं. स्टेशन प्रत्येकाला हाकेच्या अंतरावर हवं होतं, रूळ मात्र दुसऱ्याच्या परसातून. त्या गलक्यात धाकटा उठून म्हणाला, "दादाच्या बाजूने न्या. नाहीतरी त्याचं घर पडायलाच आलंय."

थोरला तिथून तडक उठला. घरी आला, मधलं दार लोटलं, मला उपटलं आणि दाराखालच्या फटीत पाचर म्हणून ठोकलं. त्या घावांचं मला फार वाईट वाटलं. ते माझ्यासाठी नव्हतेच.

काही दिवसांनी मोजणीदार आला.

"अहो, खुंटी हलवून का रूळ हलतात? मार्ग नकाशावर असतो. आणि आता तो इकडून जातच नाहीये. गिरणीमागून न्यायचं ठरलंय."

दोघांनी आपापल्या अंगणात उभं राहून ऐकलं. हसलं कुणीच नाही.

आता गाड्या सुरू झाल्या आहेत. दोन्ही घरं शाबूत आहेत. कधीतरी दुपारी धाकटा पलीकडून दार हलकेच ढकलतो. ते हलत नाही, तेव्हा त्याला वाटतं, दादानेच धरून ठेवलंय. इकडे थोरला आवाज ऐकून येतो, वाकतो, माझ्यावर हात ठेवतो आणि पलीकडून एखादा शब्द येईल म्हणून थांबतो. शब्द येत नाही. पलीकडची पावलं परत फिरतात, मग तोही कमरेवर हात ठेवत उठतो.

मित्रांनो, मी लाकूड. मला आपणहून निघता येत नाही. तुमच्या घरात माझी एखादी बहीण अशी अडकली असेल, तर पलीकडच्या शब्दाची वाट पाहू नका, तिला ओढून काढा. आणि खरं सांगू? मी फारशी घट्ट बसलेलीही नाही.