गुरुवारच्या कळशीत नाताळचं झाड

मी एक जुनी पितळी कळशी आहे, आणि मित्रांनो, जन्मकथा मागाहून, आधी माझी तक्रार ऐका. ह्या घरची सून नम्रता विचारत नाही. विचारायचं तिच्या मनात असतं, शब्द ओठांपर्यंत येतो, आणि ही बाई तो गिळते. मग सासूची पाठ वळली की चोरासारखं करते आणि दिवसभर घाबरत बसते. तिच्या पायी मलाही घाबरावं लागतं. माझ्या वयाला हे शोभतं का?

मला एका तांबटाने ठोकून ठोकून घडवलं. ते ठोके अजून माझ्या अंगावर आहेत. बघणारे त्याला नक्षी म्हणतात. मार कोणी खाल्ला ते मला विचारा. पोशीरच्या मालोजींनी मला कर्जतच्या बाजारातून लेकीच्या लग्नासाठी घेतलं. ती लेक म्हणजे इंदूबाई. ती आणि मी एकाच बैलगाडीतून पळसदरीला ह्या घरी आलो. ती रडत होती. मी नाही रडले.

मग कामाची वर्षं सुरू झाली. विहिरीवर इंदूबाई मला कंबरेवर घ्यायची आणि अशी चालायची, की एक थेंब सांडायचा नाही. बाया म्हणायच्या, "इंदे, कळशी चकाकते की तू गं?" ती म्हणायची, "दोघीपण. तुमी आपली भांडी घासा." एकदा तिचा लहानगा मुलगा नवीन मला घेऊन पायरीवर आपटला. इंदूबाई धावत आली आणि तिने आधी मला कुठे पोचा आलाय का ते बघितलं. पोराचा गुडघा नंतर. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पुढे घरात नळ आला, त्यामागून प्लास्टिकचा पिंप आला, आणि मी माळ्यावर गेले. तिथे कोळ्यांनी माझ्या गळ्यात जाळी विणली. वर्षभर मला कोणी हाक मारत नाही. पण मार्गशीर्ष लागला की इंदूबाई स्वतः मला खाली काढते. चिंच आणि मीठ घेऊन घासते. दर गुरुवारी पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात चौरंगावर मी बसते. पोटात पाणी, सुपारी, नाणं, गळ्यात पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ, आणि नारळाला लक्ष्मीचा मुखवटा. त्या दिवशी गावातल्या बाया माझ्यापुढे वाकतात. एरवी माळ्यावर असले तरी त्या कोपऱ्यात माझ्यापुढे कोणी जात नाही.

ह्या वर्षी नाताळ बुधवारी आला आणि मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार त्याच्या दुसऱ्याच दिवशी. शेवटच्या गुरुवारी उद्यापन असतं, हळदीकुंकवाला घर भरतं. आणि नेमका त्याच कोपऱ्यावर घरातल्या पोरीचा डोळा पडला.

ती पोर म्हणजे चिमा, नवीन आणि नम्रताची मुलगी. कर्जतला इंग्रजी शाळेत जाते. मिसने वर्गात विचारलं, घरी ख्रिसमस ट्री कोण कोण लावतं? हिने हात वर केला. नुसता हात वर करून थांबावं की नाही? म्हणाली, आमच्याकडे दरवर्षी असतं, केवढं मोठं. शेजारच्या बाकावरची तिची जिवाची मैत्रीण उमैमा म्हणाली, "मग मी बघायला येणार. अम्मी आणेल मला."

चिमाला जेवण जाईना. शेवटी तिने आईला सांगून टाकलं आणि रडली. "मी खोटारडी निघाले तर उमैमा माझ्याजवळ बसणार नाय."

तेव्हापासून घरात कुजबूज सुरू झाली. मी घासूनपुसून फळीवर होते, सगळं कानावर येत होतं.

"आईला विचारा," नम्रता नवऱ्याला म्हणायची.

"तूच विचार की."

"तुमची आई हाय."

"तुझी सासू हाय." नवीन बूट चढवायचा आणि खोपोलीच्या कारखान्यात पाळीला निघून जायचा. पळपुटा.

एकदा नम्रता तांदूळ निवडत असलेल्या सासूसमोर जाऊन बसली. ती म्हणाली, "आई, ह्या वर्षी..." इंदूबाईने नुसतं वर बघितलं. इंदूबाईचं बघणं म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. नम्रता म्हणाली, "ह्या वर्षी खडे फार हायेत तांदळात." झालं! पोरीची अब्रू राहिली बाजूला, तांदळाला खडे लागले.

खरं सांगते, मलाही ते झाड नको होतं. कोपरा एकच. आज झाड बसलं तर उद्या ते उठेल कशावरून? नव्या वस्तूचं कौतुक कसं असतं ते मी पिंप आला तेव्हाच बघितलं होतं. रोज संध्याकाळी वाटायचं, आज ठरणार आणि माझी जागा जाणार. ठरत तर काहीच नव्हतं. तो घोर आणखी वाईट.

बुधवारी सकाळी इंदूबाईने मला लखलखीत घासलं, धुतल्या फडक्यावर पालथं ठेवलं आणि उद्यापनासाठी नवे तांदूळ आणायला भावाकडे पोशीरला गेली. तिची रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली मात्र, नवीनने मागल्या दारातून सुरूच्या झाडाची एक उंच फांदी आत आणली. शेजारच्या फार्महाऊसवाल्यांनी कुंपण छाटलं होतं, त्यातली. ती टेकवून गडी पाळीला पसार. चिमा टाळ्या पिटत नाचायला लागली.

फांदी बादलीत उभी केली, बादली कलंडली. तेलाच्या डब्यात ठेवली, डबाही आडवा. नम्रता घामाघूम झाली. मग तिची नजर माझ्यावर आली. मी मनात म्हटलं, नको गं बाई. आज नको. उद्या माझा दिवस आहे.

"आई यायच्या आत काढू. धुऊन ठेवू. कोणाला कळतंय?" असं स्वतःशीच पुटपुटत तिने मला सुलटं केलं, परसातली ओली माती माझ्यात गच्च दाबली आणि वर ती फांदी रोवली. चौरंगावर, माझ्याच कोपऱ्यात, मी झाडाची कुंडी झाले. गणपतीतली दिव्यांची माळ झाडाला गुंडाळली. उद्याच्या वातींचा कापूस पिंजून फांद्यांवर टाकला. चिमा म्हणाली, "बर्फ!" नम्रता सारखी दाराकडे बघत होती.

दुपारी उमैमाला घेऊन तिची आई नसीबा आली. पोरी झाडाभोवती फेर धरतात न धरतात तोच पडवीत चपला वाजल्या. ती चाल मी झोपेतही ओळखीन. भावाने मोटरसायकलवरून सोडल्यामुळे इंदूबाई लवकर परत आली होती.

ती दारात थांबली. झाड बघितलं. कोपरा बघितला. मग मला बघितलं. नम्रताने चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. चिमा झाडामागे गेली. आता ही फांदी उपटून अंगणात फेकणार आणि पोर मैत्रिणीसमोर उघडी पडणार, अशी माझी खात्री झाली. मित्रांनो, सकाळपासून ते झाड नको नको म्हणणारी मी, पण त्या घडीला माझ्यातली माती सैल होऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

"हे पांढरं काय गं?" इंदूबाईने विचारलं.

"बर्फ," झाडामागून आवाज आला.

"पळसदरीत?"

नसीबाला हसू फुटलं. उमैमा मात्र सरळ पोर. पुढे होऊन म्हणाली, "आजी, चिमा म्हणते तुमच्याकडे दरवर्षी असतं. दरवर्षी एवढंच मोठं असतं का?"

इंदूबाई मार्गशीर्षात खोटं बोलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत. तिने तांदळाची पिशवी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, आणि एकदा झाडामागच्या त्या दोन डोळ्यांकडे बघितलं.

"गेल्या सालाचं मला कशाला विचारतीस गं? ह्या सालाचं समोर उभं हाय ना? मग बघ की. नम्रते, पोरींना चुरमुऱ्याचे लाडू दे. नसीबा, बस गं, उभी काय? उद्या हळदीकुंकू हाय घरात, पण प्रसादाला तू पण यायचंस."

पोरींनी लाडू खाल्ले, माळ दहादा लावली आणि विझवली. जाताना उमैमा म्हणाली, "चिमा, उद्या माझ्याच बाकावर बस हां." शाळा उद्या आहे की सुट्टी, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

नसीबाची रिक्षा गेली आणि इंदूबाईने पदर खोचला. फांदी काढली. माझ्यातली माती बोटांनी उकरली. चिंच घेतली, मीठ घेतलं आणि अंगणात मला घासायला बसली. इतकी जोरात घासत होती, की तांबटाचे ठोके पुसले जातील असं मला वाटलं. कोरडी पडलेली फांदी जोत्याला टेकून उभी होती. नम्रता पाण्याची बादली धरून समोर उभी. तिला रडूही येईना.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारख्या सगळ्याच सांगतात. मीही सांगते. घासा, पुसा, माळ्यावर टाकून विसरू नका. पण जपणं म्हणजे भिणं नव्हे. माणूस असो की कळशी, म्हातारीला भिऊन तिच्या मागे कामं उरकली, की ती जिवंतपणीच माळ्यावर जाते. ती नाही म्हणेल, असं आपणच धरून बसू नका. आणि नाही म्हणालीच, तर काय ती खाते का तुम्हाला?

इंदूबाईने मला धुतलं, उन्हात धरून निरखलं. मग मान वर केली.

"बादली खाली ठेव, नम्रते, हात दुखतील. आता ऐक. ते झाड पडवीत आण, दगडी उखळात रोव, आणि पाणी घाल त्याला, सुकलंय बिचारं. उद्या गावच्या बाया येणार हायेत. बघू दे त्यांना, कोणी विचारलं तर सांगू, आमच्या चिमाचं हाय. पण कोपरा माझा आणि कळशी माझी. मला विचारलं असतंस तर मी काय बोलले असते, ते माझं मला ठावं नाय. कदाचित 'नाय'च बोलले असते. मग भांडायचं होतंस पोरीसाठी, माझ्या तोंडावर. भांडणाची मला सवय हाय गं. चोरून केलेल्याची नाय."