पोच न देणारी पेटी

थांबा जरा. इकडं, प्राचार्यांच्या दाराशेजारी, सूचनाफलकाच्या खाली. हो, मीच बोलतेय, ही लाल तक्रारपेटी. रोज माझ्या अंगाला दप्तरं घासत पोरं जातात, पण आजवर एकानंही माझी विचारपूस केली नाही. म्हणून म्हटलं, आता आपणच बोलावं. कॉलेजचं नाव मात्र विचारू नका. इंदापूर तालुक्यातलं आहे एवढं पुरे. जास्त सांगितलं तर माझ्यावरच चौकशी बसायची.

माझा जन्म इंदापूरच्या बाजारात, लियाकतभाईंच्या पत्र्याच्या दुकानात झाला. आजूबाजूला धान्याच्या कोठ्या, दुधाच्या किटल्या, लग्नातल्या ट्रंका. आमच्या कॉलेजचा शिपाई सावळाराम दुकानात आला आणि म्हणाला, "भाई, एक तक्रारपेटी करून द्या. परवा तपासणीची कमिटी येनार हाय."

"लहान करू का मोठी?" लियाकतभाईंनी विचारलं.

"लहानच करा. कमिटी गेल्यावर कोन टाकतंय त्यात?"

तरी त्या माणसानं मला जीव लावून घडवलं. चिठ्ठी टाकताना कुणाचं बोट कापू नये म्हणून फटीच्या कडा आत दुमडल्या. लाल रंग दिला, पांढरी अक्षरं काढली आणि कुलूप लावून पाहिलं. निघताना त्यांनी माझ्यावर एकदा हात फिरवला. मला वाटलं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार.

कमिटी आली, माझ्याबरोबर फोटो काढून गेली. माझ्या आयुष्यातला मानाचा दिवस तो तेवढाच.

पुढचं काय सांगू? मला टांगलं ते नेमकं कॅमेऱ्याखाली. माझ्यात कोण काय टाकतंय हे आत केबिनमधल्या पडद्यावर दिसायचं. पोरं एवढी वेडी थोडीच असतात? ती लांबूनच जायची. माझ्या पोटात आलं काय, तर चॉकलेटचे कागद आणि एसटीची तिकिटं. बावड्याची एक आजी नातीला भेटायला आली होती, तिनं मला देवाची पेटी समजून एक रुपया टाकला आणि हात जोडले. तो रुपया अजून माझ्यापाशी आहे.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगर-ट्रॅक्टर पुजतो, तसं सावळाराम कॉलेजातली सगळी हत्यारं पुजतो. तासाची घंटा, झेरॉक्स मशीन, कपाटाच्या किल्ल्या. माझी किल्लीही त्यानं पाटावर मांडली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. दुसऱ्या दिवशी निर्माल्य गोळा केलं आणि जाऊन कालव्यात सोडलं. त्या फुलांबरोबर माझी किल्लीही गेली. त्याच्या हे लक्षात आलं तेव्हा तो माझ्यासमोर जरा वेळ उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं आणि चहा आणायला निघून गेला. ती किल्ली पुन्हा कुणी मागितलीच नाही, तर तो बिचारा सांगणार तरी कुणाला?

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात सबिना माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझं हसू पळालं.

सबिना निरवांगीची. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. बी. एड.च्या प्रवेश परीक्षेत तिचा नंबर लागला होता, बारामतीच्या कॉलेजात जागा मिळाली होती. आता फक्त गुणपत्रिका दाखवायची बाकी होती. आणि निकालात अर्थशास्त्राच्या रकान्यात आलं, गैरहजर. तिच्याच गावची मैत्रीण संस्कृती आणि बरोबरची तिघं, त्यांचंही तेच.

पेपर तर त्यांनी दिला होता. कारखान्याचा हंगाम संपत आला होता, रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली आणि त्यांची एसटी मागं अडकून पडली. पाचही जणं शेवटी चालत-पळत कॉलेजात पोचली तेव्हा पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. नियमानं त्यांना आत घ्यायचं नव्हतं. वर्गावर विशाल सर होते. तासाप्रमाणं पगार मिळणारे, दर वर्षी नव्यानं नेमणूक मागणारे सर. त्यांनी या पोरांच्या घामेजल्या तोंडांकडं बघितलं आणि म्हणाले, "बसा. पाणी प्या आणि लिहायला लागा." पण हजेरीपटावर पाचांपुढं लाल शाईनं गैरहजर लिहून तो पट आधीच परीक्षा विभागात गेला होता. तो दुरुस्त करायचा तर नियम मोडल्याचं सांगावं लागणार होतं. सर गप्प बसले.

निकालानंतर सबिना ऑफिसात गेली. खिडकीत कारकून दिग्विजय भाऊसाहेब. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "परीक्षेची तक्रार हाय न्हवं? मग पेटीत टाका. ती कशाला लावलीय?"

तुम्हाला सांगते, त्या वेळी मला माझीच लाज वाटली. तक्रार ऐकायला म्हणून मला आणलं आणि तक्रार टाळायला माझाच उपयोग व्हायला लागला.

पाचही जणं माझ्यासमोर जमली. कागद काढला, आणि तिथंच घोडं अडलं.

"नाव टाकलं तर इच्यारतील, कोन हुतं वर्गावर?" संस्कृती म्हणाली. "सरांवर येईल सगळं. त्यांनी बसू दिलं म्हनून पेपर तरी लिहिला आपन."

"उपकार केलेल्या मानसाला गोत्यात घालायचं व्हय?" सबिना म्हणाली.

मग त्यांनी काय लिहावं? "आम्ही परीक्षेला हजर होतो. कृपया आमची गैरहजेरी काढावी. आपले नम्र, पाच विद्यार्थी." नाव नाही, आसन क्रमांक नाही, विषय नाही, तारीख नाही. सरांना झळ नको म्हणून स्वतःलाच पुसून टाकलं. सबिनानं ओढणीनं तोंड झाकलं, कॅमेऱ्याकडं पाठ केली आणि चिठ्ठी आत सोडली. मी तळमळले. अगं पोरी, तुझं नावच नसेल तर दुरुस्ती कुणाच्या निकालात करायची? पण पत्र्याला वाचा नसते. आणि चिठ्ठी वाचायला मला उघडणार तरी कोण होतं?

सबिना रोज यायची. माझं कुलूप जसंच्या तसं बघायची आणि परत जायची. तक्रारीची मुदत सरत चालली होती, बारामतीहून कागदपत्रांसाठी फोन येत होते. एकदा ती माझ्याशेजारच्या पायरीवर बसून रडली. त्याच पायरीवरून विशाल सर खाली येत होते.

"सबिना? काय झालं?"

तिला खोटं बोलता आलं नाही. तिनं सगळं सांगितलं, नाव नसलेल्या चिठ्ठीसकट.  सर तिच्याजवळ पायरीवर बसले.

"मी त्याच दिवशी जाऊन सांगायला पाहिजे होतं. भ्यालो," ते म्हणाले. "काढ कागद. मी सांगतो तसं लिही."

त्यांनी सांगितलं आणि तिनं लिहिलं. परीक्षा विभागाच्या नावानं अर्ज, प्राचार्यांमार्फत. पाचांची नावं, आसन क्रमांक, विषय, तारीख, वर्ग. एसटी अडकली होती ते. सोबत हॉल तिकिटाची आणि निकालाची झेरॉक्स.

"आता लिही, वर्गावरील पर्यवेक्षक..."

सबिनाचा पेन थांबला. "तुमचं नाव न्हाय लिहिनार मी."

"लिही. नाव नसलं तर ते कुणाला विचारतील? विचारलं की मी खरं सांगेन."

"सर, तुमची नेमनूक?"

"लिही, बाळा."

तिनं लिहिलं.  मग सर म्हणाले, "हा पेटीत टाकू नको. दोन प्रती कर. एक खिडकीत दे, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही."

मी ऐकत होते. वाईट वाटलं म्हणता? नाही. माझ्याबद्दल एवढं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.

भाऊसाहेबांनी अर्ज आधी ढकलला, पण पाचही जणं खिडकीला चिकटून उभी राहिली. शेवटी शिक्का बसला. सरांना बोलावलं, त्यांनी लेखी जबाब दिला. गठ्ठ्यातून पाच उत्तरपत्रिका निघाल्या. निकाल दुरुस्त झाला आणि सबिनाची बारामतीची जागा टिकली. त्या दिवशी तिनं माझ्या शेजारी उभं राहून घरी फोन केला. "अम्मी, पास झाले गं!" 

गोष्ट इथं संपली असती तर मीही आनंदानं गंज खात बसले असते.

दिवाळीच्या तोंडावर सबिना पेढ्यांचा पुडा घेऊन आली. विशाल सरांना शोधत वर गेली, खाली आली. सावळारामनं तिला सांगितलं, "सरांना यंदा तास दिलं न्हाईत, बाई. परीक्षेचा नियम मोडला म्हनं. कोऱ्हाळ्याला गेलं घरी."

पुडा तिच्या हातातच राहिला. ती त्याच पायरीवर बसली आणि अर्ज लिहिला. सरांनी शिकवला होता तसाच, नाव, तारीख, विषय सगळं जागच्या जागी. आमच्यासाठी खरं बोललेल्या माणसाला शिक्षा का, असं विचारलं. बाकीच्या चौघांना फोन करून बोलावलं आणि एकेकाची सही घेतली. दोन प्रती केल्या आणि खिडकीत गेली.

भाऊसाहेबांनी वाचलं. "ह्ये परीक्षेचं न्हाय. आनि तुमी आता आमच्या विद्यार्थीबी न्हाय. आवकला घेता येनार न्हाय. पेटीत टाका."

ती पुष्कळ भांडली. खिडकी बंद झाली.

मग ती माझ्यासमोर आली. या वेळी तोंड झाकलं नाही. कॅमेऱ्याकडं सरळ बघितलं आणि अर्ज माझ्यात टाकला. हात तसाच फटीपाशी राहिला, दुसरी प्रत धरलेला. पोच मागत होता तो. माझ्याकडं शिक्का कुठला?

दुसरी प्रत तिनं घडी करून पर्समध्ये ठेवली. पेढे सावळारामच्या हातात दिले. तो माझ्या कुलपाकडं बघत राहिला, पेढा काही त्यानं तोंडात टाकला नाही.

तेव्हा तुम्ही, जे कुणी इथून जात असाल, एक करा. किल्ली शोधत बसू नका, ती मिळायची नाही. लियाकतभाईंनी मला पत्र्याची केलीय, पोलादाची नव्हे. एक छिन्नी आणा, एक हातोडा आणा. ती नाव नसलेली चिठ्ठी, तिकिटं, आजीचा रुपया बाजूला ठेवा. तो अर्ज काढा आणि मोठ्यानं वाचा. त्यावर पाच नावं आहेत, आणि या वेळी एकही पुसलेलं नाही.