सतरा नंबरचा तुकडा

सिनेमाला वाजवणाऱ्यांना सिनेमाची गोष्ट कुणी सांगायला जात नाही. समोर कागद येतो, त्यावर तुकड्याचा नंबर असतो, कानाला हेडफोन आणि त्यात तालाची टिक-टिक चालू. ती धरायची आणि वाजवायचं. पडद्यावर कोण रडतंय, कोण मरतंय, याच्याशी वाजवणाऱ्याला देणंघेणं नाही. थोरलीनं सव्वीस वर्षं अशीच व्हायोलिन वाजवण्यात काढली होती आणि तिची काही तक्रार नव्हती.

पण हा सिनेमा घरचा होता. तिची धाकटी बहीण, गाणारी, स्वतः चाली लावणारी, दीड वर्षापूर्वी आजारपणात गेली. धाकटीचा नवरा दिग्दर्शक. त्यानं बायकोवर सिनेमा काढायला घेतला आणि नुसत्या बातमीनंच लोकांच्या डोळ्यांना धार लागली. काय हो प्रेम! थोरलीला त्या प्रेमाची शिसारी आली होती, तरी ती वाजवायला आली. चाली धाकटीच्या होत्या. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपला नसता.

आणि आज काचेपलीकडच्या खोलीत, रेकॉर्डिस्टच्या मागच्या सोफ्यावर, आई बसली होती. जावयानं आग्रहानं बोलावलं होतं. धाकटी गेल्यापासून आई थोरलीशी एक शब्द बोलली नव्हती. तेव्हा आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेली. तिनं थोरलीला बजावलं होतं, "तू जाऊन बस तिच्यापाशी. तू आहेस म्हणजे मी आहे." आणि शेवटच्या संध्याकाळी थोरली हॉस्पिटलमध्ये नव्हती. आईला एवढंच माहीत होतं.

का नव्हती, तर जावईबापूंचा फोन आला होता. "आज येऊ नका ताई, ती झोपलीये. सकाळी या." सकाळ व्हायच्या आत धाकटी गेली. ज्याची बायको नुकतीच गेली त्याच्यावर खापर कसं फोडायचं, म्हणून थोरली तोंड दाबून बसली. भलेपणा नडला, दुसरं काय!

दुपारी सतरा नंबरचा तुकडा आला. त्यात मधला भाग थोरलीनं एकटीनं वाजवायचा होता, म्हणून तिच्या डोक्यावर वेगळा माइक टांगलेला. दारावरचा लाल दिवा लागला. पडद्यावर हॉस्पिटलची खाट, खाटेवर धाकटी झालेली नटी. टिक-टिकीच्या मागून हेडफोनमध्ये संवाद बारीक ऐकू येत होते.

"ताई आली?" नटीनं विचारलं.

"नाही येणार. कार्यक्रम आहे म्हणे तिचा," नवरा झालेला नट म्हणाला आणि त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला.

याच जागी थोरलीनं व्हायोलिन रडवायचं होतं. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि हेडफोन काढून टाकला. बाकीचे दोन-चार सूर पुढे गेले आणि थांबले.

"मी हे वाजवणार नाही," ती म्हणाली.

काचेपलीकडून दिग्दर्शक तरातरा हॉलमध्ये आला. बाकीच्या वादकांना त्यानं हातानंच चहाला पिटाळलं. हॉल रिकामा झाला.

"ताई, हा काय तमाशा? सगळे बघतायत."

"कुठला कार्यक्रम होता माझा?"

"सिनेमा आहे तो. थोडं इकडचं तिकडं करावंच लागतं."

"आणि सिनेमा लागला की अख्खं गाव तो बघणार आणि मला जोडे मारणार!"

तो दाराकडे पाठ करून उभा होता. थोरलीची नजर त्याच्या खांद्यावरून वर गेली. दिवा अजून लालच होता. रेकॉर्डिस्ट आ वासून इकडे बघत बसला होता आणि माइक बंद करायचं त्याला सुचलं नव्हतं. म्हणजे इथला श्वाससुद्धा आत मोठ्या स्पीकरमधून आईच्या कानांवर पडत होता. दिवा बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दिग्दर्शक रागाच्या भरात ते विसरला होता. थोरलीनं त्याला आठवण करून दिली नाही. का द्यावी?

"त्या संध्याकाळी मला फोन कुणी केला होता?"

"आता ते कशाला उकरून काढताय?"

"'आज येऊ नका, सकाळी या.' कोण म्हणालं?"

"मी म्हणालो! मग?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही आलात की तुमचं दोघींचं सुरू. अर्धी चाल ती गुणगुणणार, अर्धी तुम्ही. मी आपला कोपऱ्यात खुर्ची धरून. नवरा होतो मी तिचा. एक संध्याकाळ मला एकट्याला हवी होती."

झालं होतं काम. आईनं ऐकलं असणार. थोरलीनं इथं थांबायला हवं होतं, पण दीड वर्षं कोंडलेला राग सांगून थोडाच थांबतो?

"आणि हे 'ताई आली?' हे कुठून काढलंस? लोकांना रडवायला?" अहो-जाहो आता गळून पडलं होतं.

त्यानं तिच्या स्टँडवरचे कागद उगाच सारखे केले.

"बोल ना!"

"ते लिहिलेलं नाही," तो खाली बघत म्हणाला. "विचारलं होतं तिनं."

"किती वेळा?"

"तीनदा."

"मग तू काय सांगितलंस?"

"पडद्यावर आहे तेच."

आईच्या मनातून उतरल्याचं दुःख ती दीड वर्षं वाहत होती. धाकटी मात्र, ताईला आपल्यापेक्षा कार्यक्रम मोठा वाटला, असं समजून गेली होती. आता ते कुणाला सांगून खोडायचं? तिनं समोरचं स्टँड लाथेनं उडवलं. ते लादीवर आपटलं आणि कागद हॉलभर पसरले.

दचकून दिग्दर्शक मागे वळला. त्याला लाल दिवा दिसला, मग काच, आणि काचेला दोन्ही तळवे लावून उभी असलेली आई. त्याचा चेहरा पडला. तो घाईघाईनं दाराकडे निघाला.

तेवढ्यात आत आई रेकॉर्डिस्टच्या माइकवर वाकली आणि हॉलमधला स्पीकर खरखरला.

"थोरले," आईचा आवाज आला. "दार अडव. सोडू नकोस त्याला. माझी पोर अजून काय काय म्हणाली, सगळं विचार."

आवाज ऐकून तो जागीच थबकला, तेवढ्यात थोरली त्याला मागे टाकून दाराशी पोचली. तिनं दाराला पाठ लावली.

"सांग," ती म्हणाली.