आतून उघडणारे कुलूप

मी एक जुने कुलूप आहे, मित्रांनो. पंजाएवढे, एके काळी पितळेसारखे चकचकीत. आता रंग उडाला आहे आणि मी कोणत्याच दारावर नाही. चपलांच्या कपाटावर पडून असते. ज्या दारावर मी एकोणतीस वर्षे काढली ते इथून दोन हातांवर आहे, पण त्याच्यावर आता दुसरे कुलूप आहे. ते का बसवावे लागले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाल्या बाई बसत. प्रत्येक कुलूप कानाशी धरून त्या ते वीस वेळा उघडत आणि वीस वेळा लावत. माझी पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "हे गुणी आहे. कुरकुरत नाही." त्या शाबासकीवर मी पुष्कळ वर्षे जगले.

माझी रचना साधी. बाहेरून यायचे तर किल्ली हवी. आतून जायचे तर माझी गोल मूठ उजवीकडे फिरवली की झाले. परक्याला थांबवायचे आणि घरच्याला कधी अडवायचे नाही, एवढेच मला येत होते.

मला विकत आणले ते गृहस्थ शहराच्या पाणीखात्यात होते. रस्त्याखालच्या झडपा फिरवून एकेका वस्तीला पाणी सोडायचे, हे त्यांचे काम. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटेच निघत, म्हणून सगळे त्यांना चावीवाले म्हणत. मला त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले. सुतारकामाचा गंध नव्हता. पहिले भोक दोन बोटे खाली पडले, दुसरे तिरके गेले. त्यांची बायको पदराने घाम पुसत हसली.

"अख्ख्या गावाला पाणी पाजता, आणि या दाराने तुम्हालाच पाणी पाजलं की!"

"हसू नकोस. तेवढाच वारा येईल आत," ते म्हणाले, आणि भोके त्यांनी भुसा व सरस भरून बुजवली.

त्यानंतर रोज पहाटे पाचच्या ठोक्याला त्यांचा हात माझ्या मुठीवर पडे. मी हळूच उघडे, कारण आत त्यांची एकुलती लेक झोपलेली असे. ते तिला ठकी म्हणत. ऊन असो, थंडी असो, ताप असो, त्यांनी खाडा केला नाही. बायकोने कधी म्हटलेच, "आज राहू द्या हो," तर त्यांचे उत्तर ठरलेले असे. "लोक बादल्या लावून उभे असतात गं. मी नाही गेलो तर त्यांनी तोंडं कशाने धुवायची?"

ठकी मोठी झाली, एका दवाखान्यात औषधे देण्याच्या कामाला लागली. चावीवाले निवृत्त झाले. मग त्यांची बायको थोड्या दिवसांच्या दुखण्याने गेली. घरात दोघेच उरले. मला तेल घालायची आठवण त्या बाईंनाच असायची. त्यानंतर ते कोणी घातले नाही, आणि मी पहिल्यांदा कुरकुरू लागले.

विसरणे कधी सुरू झाले ते मला नेमके सांगता येणार नाही. चष्मा पिठाच्या डब्यात सापडला तेव्हा दोघेही पोट धरून हसले. पुढे चहा झाला की ते पुन्हा चहा मागू लागले. आणि एका पहाटे, निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी, पाचच्या ठोक्याला त्यांचा हात माझ्या मुठीवर पडला. मी उघडले. मला खरे तर आनंदच झाला होता.

त्या दिवशी समोरच्या मावशींनी त्यांना फाटकापासून परत आणले. पुढच्या खेपेला ते चौकापर्यंत पोचले.

"बाबा, कुठे निघाला होतात?" ठकी विचारी.

"पाणी सोडायला. लोक खोळंबलेत."

"रविवारी मी नेते हं तुम्हाला तिकडे. नक्की."

रविवार यायचा. आठवड्याचे कपडे, बाजार, बाबांची अंघोळ, आणि दिवस मावळायचा. तिला बोल लावू नका, मित्रांनो. ती एकटी होती आणि तिला दोनच हात होते.

तिसऱ्या खेपेला ते दिवसभर सापडले नाहीत. संध्याकाळी दोन माणसे त्यांना धरून घेऊन आली. शहराबाहेर एक बंद पडलेले पंपघर आहे, तिथल्या गंजलेल्या झडपेपाशी ते बसले होते. पायात चप्पल नव्हती. तळव्यांतून रक्त येत होते. ठकीने घमेल्यात कोमट पाणी घेतले, त्यांचे पाय धुतले, आणि ते मात्र तिलाच विचारत होते, "माझी चावी कुठे ठेवलीस गं?"

त्यांना दार उघडून देणारे मीच होते. हा दोष माझ्या माथ्यावरून कोणी काढू शकत नाही.

दोन दिवसांनी सुतार आला. नवे कुलूप जड होते, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे. सुताराने ते उलटसुलट करून पाहिले.

"ताई, आतूनही किल्लीच हवी? आग-बिग लागली तर?"

"एक किल्ली समोरच्या मावशींकडे राहील. दिवसभर त्या असतात." ठकी त्याच्याकडे बघत नव्हती. "दुसरा मार्ग असेल तर सांगा मला."

सुताराने माझे स्क्रू काढायला घेतले. आवाज ऐकून चावीवाले बाहेर आले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. हाताला काम दिसले ना! ते सुताराशेजारी उकिडवे बसले.

"नीट माप घे हो. मी एकदा फसलोय."

"तुम्ही स्क्रू धरता का, काका?" सुतार म्हणाला.

त्यांनी ओंजळ पुढे केली. एकेक स्क्रू मोजून दिला. कुलपाची पट्टी सरकू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरली. काम झाल्यावर त्यांनी नव्या कुलपावरून हात फिरवला.

"पक्कं बसलं. पण याला आतून मूठ कुठंय?"

सुताराने ठकीकडे पाहिले. "आतूनही किल्ली लागते, काका."

"असं होय. घरात लहान मूल असणार. बरं केलंत, नाहीतर पोरं पळतात बाहेर."

ठकी स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ आतून फक्त नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

पहिले काही दिवस ते पहाटे येत, मूठ शोधत दारभर हात फिरवत. "उघड की रे," असे दाराला म्हणत. मी कपाटावर होते. दारावर नसलेले कुलूप काय उघडणार? कधी ते दार ठोठावत. ठकी उठून त्यांना जवळ घेई आणि म्हणे, "रविवारी जाऊ हं, बाबा." हळूहळू ठोठावणे कमी झाले. एका पहाटे पाच वाजले, सहा वाजले, ते आलेच नाहीत.

ठकीला हायसे वाटायला हवे होते. पण ती घाबरीघुबरी उठली. ते खाटेवर शांत बसले होते. तिने दवाखान्यात निरोप धाडला, किल्ली फिरवली, दार सताड उघडले आणि त्यांच्या पायात स्वतः चपला घातल्या.

"चला बाबा, आज मला सुट्टी. पाणी सोडायला जाऊ."

त्यांनी तिच्याकडे सभ्यपणे पाहिले, पाहुण्याकडे पाहावे तसे.

"कुठलं पाणी?" ते म्हणाले.

उंबऱ्यावर बसून ती खूप रडली. ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले. कोण रडते आहे आणि का, हे त्यांना ठाऊक नव्हते.

आता ती घरी असली की दार उघडेच ठेवते. ते बाहेर जात नाहीत.

मित्रांनो, कुलपांची काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. वर्षातून दोन थेंब तेल मिळाले की आमचे भागते. पण तुमच्या घरात कोणी तेच ते बोलत असेल, उगीच कुठेतरी जायची घाई करत असेल, तर हसू नका आणि रविवारवर टाकू नका. चपला घाला, त्यांचा हात धरा आणि विचारा, कुठे निघालात? त्यांना सांगता येते आहे तोवर विचारून घ्या.