सायलेन्सरला बूच

सिस्टरला घरात एक सवत होती आणि तिला दोन चाकं होती. सात वर्षांपूर्वी नवऱ्यानं मोटारसायकल घेतली ती म्हणे बायकोला रोज हॉस्पिटलला सोडता यावं म्हणून. महिनाभर सोडलंही बिचाऱ्यानं. मग एके दिवशी सायलेन्सरच्या खालच्या अंगाला त्याला मोहरीएवढा तांबूस ठिपका दिसला आणि हा गृहस्थ संसारातून उठला.

ठिपका त्यानं पॉलिशनं घासून काढला, पण मनात बसलेला धसका काही निघेना. हवा दमट असेल तर गाडी बाहेर काढायची नाही. रस्ता ओला असेल तर नाहीच नाही. रस्ता कोरडा असला तर धूळ उडते, आणि धूळ ओल धरते, म्हणून तेव्हाही नाही. त्याचं स्वतःचं ऑफिस गल्लीच्या तोंडाशी. तिथं तो बसून नकाशे काढायचा. त्याला गाडी लागायचीच नाही. संध्याकाळी मात्र पूजेला बसावं तसा तो गाडीपाशी बसे. मऊ फडक्यावर शिलाई मशिनचं तेल घेऊन सायलेन्सर पुसायचा, घड्याळ लावून बरोबर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, आणि बंद केल्याबरोबर सायलेन्सरच्या तोंडात रबरी बूच ठोकायचं. बाहेरची ओल आत जायला नको. वर पांघरायला सिस्टरची चांगली शाल.

सिस्टरच्या गुडघ्यांना असं कुणी जपत नव्हतं. ते रोज वीस मिनिटं चालून बसथांबा गाठत, बसमध्ये उभे राहत आणि मग आठ तास नवजात बाळांच्या वॉर्डात फिरत. शेवटी त्यांनी हात टेकले. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हे चालणं आणि बसमध्ये उभं राहणं थांबवा, नाहीतर नोकरी थांबवा. एकोणीस वर्षं तिनं मुठीएवढ्या बाळांना ऊब दिली होती. ते सोडायच्या नुसत्या विचारानं तिला रडू येई. नवऱ्यालाही वाईट वाटलं, अगदी मनापासून. हवा जरा कोरडी होऊ दे, मग बघू, असं तो म्हणाला.

हवा दोनदा कोरडी झाली, दोनदा दमट झाली. एका शनिवारी सिस्टरनं राजीनामा लिहून त्याच्यापुढं ठेवला.

"सोमवारी हा देऊ, की तुम्ही मला सोडणार आहात?"

त्यानं खिडकीतून आभाळ न्याहाळलं. बराच शोध घेऊनही ढग सापडला नाही. मग नाइलाजानं शाल निघाली, बूच निघालं, सिस्टर मागं बसली आणि गाडी सरावाच्या फेरीला निघाली. पहिल्याच गतिरोधकावर खाड्कन आवाज झाला आणि सायलेन्सरचा मागचा अर्धा भाग रस्त्यावर पडला. उरलेल्या अर्ध्यानं अशी बोंब ठोकली की अख्खी गल्ली गॅलरीत आली.

नवऱ्यानं तो तुकडा पोटाशी धरला आणि गाडी ढकलत मेकॅनिककडं नेली. सिस्टर मागून लंगडत गेली. मेकॅनिकनं तुकडा उलटा केला तसं आतून लालसर पाणी आणि मूठभर पापुद्रे खाली पडले. बाहेरून मात्र त्यात तोंड बघून भांग पाडता आला असता.

"बडा घर, पोकळ वासा," मेकॅनिक म्हणाला आणि गाडी वापरता कशी ते त्यानं विचारलं. नवऱ्यानं सगळी दिनचर्या अभिमानानं सांगितली. बुचापर्यंत आल्यावर मेकॅनिकनं स्टूल ओढून घेतलं.

"काका, धुराबरोबर पाण्याची वाफ निघते. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, म्हणून तिचं आतच पाणी होतं. त्यावर तुम्ही बूच मारता. सात वर्षं रोज पाणी घालून गंज वाढवलात."

मग यावर उपाय काय, असं नवऱ्यानं पडेल आवाजात विचारलं. मेकॅनिक म्हणाला, चालवा. रोज, एका दमात सहा-सात किलोमीटर. भिजली तर घरी येऊन पुसा, पण चालवा.

रविवारी गाडीला नवा सायलेन्सर बसला आणि सोमवारी सकाळी सव्वासातला नवरा हेल्मेट घालून दारात उभा होता. बाहेर चक्क भुरभुर चालू होती.

"चल, सोडतो. हॉस्पिटल साडेसहा किलोमीटर आहे. मी नकाशावर मोजलं."

सात वर्षं झिजून तिच्या गुडघ्यांना जे जमलं नाही ते पत्र्याच्या एका नळकांड्यानं करून दाखवलं होतं. सिस्टरला इतका राग आला की राजीनाम्यावर सही करून तो त्याच्या तोंडावर फेकावा. आणि इतकं हायसंही वाटलं की डोळे भरून आले. पण दुखऱ्या गुडघ्यांना मानापमान परवडत नाही. ती मागं बसली.

अर्ध्या वाटेत त्यानं मान वळवून विचारलं, "कसं वाटतंय?"

गुडघा आज दुखत नाहीये, असं ती सांगणारच होती.

"आवाज गं. नव्या सायलेन्सरचा," तो म्हणाला.

सात वर्षं आपण याच्याशी भलत्याच भाषेत बोलत होतो, हे तिच्या ध्यानात आलं.

"आवाज छान आहे," ती म्हणाली. "पण एकाच फेरीत आतलं सगळं पाणी उडेल असं वाटत नाही. संध्याकाळी परत एकदा तापायला हवा."

हेल्मेट गंभीरपणे हललं.

"बरोबर आहे तुझं. किती वाजता घ्यायला येऊ?"