नावाची जागा कोरी

संग्रहालयाचा साहेब आला तो पांढरे हातमोजे घालूनच. म्हटलं, घरात साप पकडायचाय की काय? पण त्याला हवं होतं माझ्या धाकट्या भावाचं पत्र. भाऊ जिवंत होता तोवर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, उरल्या वेळात चित्रं. मेल्यावर वर्षाच्या आत थोर कलावंत झाला. मरण्यासारखा धंदा नाही.

भावजयीने उशीच्या अभ्र्यातून पत्र काढून आणलं. तो परगावी कामाला होता तेव्हाचं, एकुलतं एक. तेवीस वर्षं त्यावर डोकं ठेवून झोपली ही. ना त्याने धड संसार केला, ना धड वेळ दिला. एक कागद दिला, त्यावर बाई खूश.

साहेबाने भिंग लावलं. "बघा, जागोजागी हात थरथरलाय. आणि हे काळे ठिपके! अश्रू पडले असावेत. केवढा जिव्हाळा!"

भावजय लाजली. या वयात!

कसले अश्रू? कोळसा तो. आमचा बापही पाट्याच रंगवायचा. एकच पाटी चार ठिकाणी हवी असली की कागदावर अक्षरं काढायची, रेघेवर सुईने भोकं पाडायची आणि कागद फळीवर धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. खाली ठिपके उमटतात, ते गिरवायचे. त्या टोचलेल्या कागदाला खाका म्हणतात. लहानपणी पुरचुंडी आपटायचं काम माझंच. भावाचं दुकान आवरताना खाक्यांच्या गठ्ठ्यात याच पत्राचा खाका मला सापडला होता. 'तुझ्यावाचून माझे रंग फिके'पासून थेट सहीपर्यंत सुईने टोचलेला. नावाची जागा तेवढी कोरी. प्रेमातसुद्धा आळस, मेल्याला!

"अशी पत्रं आणखी तीन घरांत आहेत," साहेब म्हणाला. "मंडळी हळवी आहेत, प्रदर्शनाच्या दिवशीच आणून देणार. चारही शेजारी शेजारी लावू."

"मित्रांना लिहिली असतील," भावजय कौतुकाने म्हणाली.

मित्र! देवा, हिला अक्कल वाटताना तू कुठे गेला होतास?

"पत्र मिळणार नाही," मी म्हटलं.

"वन्सं! अहो, त्यांचं नाव होईल!"

"झालं तेवढं पुरे. घरातलं पत्र चव्हाट्यावर टांगायचं नाही."

"जिवंतपणीही कधी कौतुक केलं नाहीत त्यांचं. जळता तुम्ही त्यांच्यावर!"

"जळते. झालं समाधान?"

साहेब हातमोजे खिशात कोंबून निघाला. भावजय पत्र छातीशी धरून आत गेली.

आठ दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे, स्वयंपाकघरात तेवढीच शांतता. खाका मी त्याच दुपारी शेगडीत घातला. प्रदर्शनाच्या दिवशी माझे गुडघे भयंकर दुखणार आहेत, तिला घरीच बसावं लागेल.

कलावंत म्हणे! बापाने जन्मभर साबणाच्या पाट्या काढल्या, पण गिरवून झाल्यावर ठिपके पुसायला तो कधी विसरला नाही.